वचनाचं ओझं कुणावर?

लग्नाची गाठ देवाने बांधलेली, ती माणसाने सोडायची नाही. ख्रिस्ती लग्नाला गेलं की या अर्थाचं काही ना काही कानावर पडतंच. समोर नवे कपडे घालून घामाघूम झालेली दोन मुलं उभी असतात. सगळे कौतुकात असतात आणि त्या बोलण्यातली जरब कुणाला जाणवत नाही. मला मात्र हल्ली प्रश्न पडतो की येशू हे नेमकं बजावत होता कुणाला?

मत्तयाच्या शुभवर्तमानात हा विषय काढतात ते परूशी पंथाचे ज्यू. बायकोला कोणत्या कारणासाठी टाकता येतं, एवढंच त्यांना हवं आहे. सूटपत्र लिहून देण्याचा अधिकार नवऱ्याचा. हिल्लेल या ज्यू धर्मगुरूच्या अनुयायांना त्यासाठी क्षुल्लक कारणही पुरे, शम्माय या दुसऱ्या गुरूच्या अनुयायांना गंभीर दोष हवा. येशू कारणांच्या या घासाघिशीत शिरत नाही, तो त्या अधिकारालाच हात घालतो. मत्तय व्यभिचाराचा तेवढा अपवाद नोंदवतो, मार्क तोही नोंदवत नाही. सूटपत्राचा एक कागद हातात पडला की जिला घर सोडावं लागे, तिच्या जागी उभं राहून ऐकलं तर ही मनाई तिच्या पाठीशी उभी आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे मला जास्त कळलं. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. दोघं काही वर्षं वेगळी राहिली. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर त्याला वर्षभर विचाराला वेळ द्यावा आणि मग विवाह मोडावा, असा कायदा 1866 सालीच झाला होता. त्याच्या मुळाशी पौलाची शिकवण होती: विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला, तर मागे राहिलेल्यावर बंधन नाही. म्हणजे वाट होती, शास्त्राचीही आणि सरकारचीही. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. गेले असते, तर कायद्याने लक्ष्मीबाईही मोकळ्या झाल्या असत्या. पण त्या काळच्या ब्राह्मण घरात त्या मोकळेपणाचं त्यांनी करायचं काय? 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने. इथे न सुटणाऱ्या गाठीने बाईला सांभाळलं.

तीच गाठ 1869 च्या घटस्फोट कायद्यात शिरली आणि फास झाली. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला नुसत्या व्यभिचारावर सुटका नाही. जोडीला क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग असं आणखी काही हवं. नुसता मार खाल्ल्याने घटस्फोट मिळत नसे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 साली ही जोडअट घटनाबाह्य ठरवली, 2001 साली संसदेने कायदा बदलला आणि परस्परसंमतीचा मार्गही खुला केला. सव्वाशेहून अधिक वर्षं या देशातल्या ख्रिस्ती बाईने नवऱ्याहून दुप्पट पुरावा आणायचा होता.

कोर्टातून सुटलेल्या कॅथलिक माणसापुढे चर्चचं न्यायासन उरतंच. घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन बंद होत नाही, गैरसमज मात्र तसा आहे. अडतं ते दुसऱ्या लग्नापाशी. न्यायासन लग्न मोडत नाही. संमती मोकळी होती का, काही लपवलं होतं का, लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक कुवत होती का, हे तपासून लग्न मुळात वैध होतं की नाही एवढंच सांगतं. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या न्यायासनाने निकालावर शिक्कामोर्तब करण्याची अट काढून ही वाट थोडी जवळची केली. भारतात दिवाणी कायद्यापुढे मात्र तो निकाल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली स्पष्ट केलं. माझ्या ओळखीच्या एक बाई या सगळ्यातून गेल्या. मुलं अनौरस ठरत नाहीत, हे त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. तरी त्या म्हणाल्या, “लग्न वैध नव्हतं म्हणतात, मग मी इतकी वर्षं सोसलं ते काय होतं?”

या प्रश्नाला चर्चच्या कायद्यात उत्तर नाही, आणि केवळ त्यापायी तो कायदा खोटा ठरत नाही. लादलेल्या संमतीला संमती न मानणं ही मोठीच गोष्ट आहे. ऑर्थोडॉक्स चर्च मोडलेलं लग्न मोडलं म्हणतं आणि पश्चात्तापाच्या सुरात दुसऱ्या लग्नाला परवानगी देतं. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या आपापल्या अटींवर पुनर्विवाह लावतात. कुणाचं बरोबर, हे ठरवण्याइतकं माझं धर्मज्ञान नाही.

पण येशूचं ते वचन सैल करावं, असंही मला वाटत नाही. सूटपत्र लिहिण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, त्याला ते पूर्ण कडकपणे ऐकवावं. घर, पैसा, नातेवाईक, गावाचं मत ही आजची सूटपत्रंच आहेत. मार खाऊन उंबऱ्याबाहेर आलेलीला परत आत ढकलण्यासाठी ते वचन वापरलं, तर आपण येशूच्या बाजूला नसतो. प्रश्न विचारायला आलेल्या त्या पुरुषांच्या बाजूला असतो.