प्रयाग चिखली ते खिद्रापूर : पंचगंगाकाठची सायकलयात्रा

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांच्या संगमातून कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे पंचगंगा आकारास येते. सुमारे ८० किलोमीटर वाहून ती नृसिंहवाडीला कृष्णेत विलीन होते. मोटारीतून हे खोरे काही तासांतच मागे पडते. सायकलस्वारांच्या मंडळाने तीन दिवस दिले, तर नदीची बदलती अवस्था गावोगाव दिसते.

पावसाळा सरल्यानंतरचे दिवस यासाठी उत्तम. मात्र याच काळात उसाने लादलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर रस्ता अडवतात. म्हणून एकामागे एक चालणेच हिताचे. पहिला मुक्काम नदीपासून थोडा आडवाटेला, कुंभोजजवळील बाहुबली येथे करावा. भगवान बाहुबलींच्या २८ फुटी मूर्तीचे दर्शन घडते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे, म्हणजे संध्याकाळी धावपळ होत नाही.

दुसरा दिवस इचलकरंजीचा. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि घोरपडे जहागीरदारांच्या आश्रयाने या गावाचे वस्त्रनगरीत रूपांतर झाले. गल्लीबोळांतून मागांचा खडखडाट ऐकत स्वार नदीघाटावर पोहोचतात, तेव्हा पुष्कळदा पाण्याऐवजी जलपर्णीचा हिरवा थरच सामोरा येतो. वरच्या गावांचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी आणि कापडप्रक्रियेचे रंगीत पाणी यांचा भार नदी वाहते. काठावर वसलेल्या या नगरीला पिण्याचे पाणी कृष्णेतून आणावे लागते. ज्या घरांत पाणी वस्त्राने गाळून पिण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते, त्यांतील अनेकांचा चरितार्थ त्याच वस्त्रावर चालतो. घरातल्या घागरीसाठी जपलेला विवेक कारखान्याच्या सांडपाण्यालाही लावावा, एवढीच नदीची अपेक्षा आहे.

तिसऱ्या दिवशी शिरढोण, कुरुंदवाड व नृसिंहवाडी करून खिद्रापूर गाठावे. शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छत नाही. वर्तुळाकार झरोक्यातून आकाश थेट आत उतरते. गावात प्राचीन जैन मंदिरही आहे. पुढे कृष्णा कर्नाटकात जाते. इचलकरंजीच्या घाटावर जे पाण्यात मिसळले, तेही तिच्याबरोबर पुढच्या गावांच्या पाणवठ्यांपर्यंत पोहोचते. तरुण पिढीला व्यवसायाची सूत्रे सोपविण्यापूर्वी ही वाट एकदा सायकलवरून अवश्य दाखवावी.