दुखण्याचें नांव

आमच्या एकत्र कुटुंबांत दुखण्यांविषयीं एक अलिखित नियम पूर्वापार चालत आलेला आहे. ताप, खोकला, पित्त यांचीं नांवें चारचौघांत घ्यावयाचीं; पण एखादें दुखणें महिना-दोन महिने उलटूनहि हटेना, कीं त्याचें नांव घेणें सोडून द्यावयाचें. मग माजघरांत ‘तिचें तें कसें आहे?’ एवढेंच विचारलें जातें, आणि उत्तरहि ‘आहे तसेंच’ एवढेंच मिळतें. या नियमानें माझ्या धाकट्या जावेचे आठ महिने फुकट घालविले. त्या अपराधांत माझा वांटा थोडा नाहीं, म्हणून हें लिहीत आहें.

आमचें घर बुलढाणा जिल्ह्यांत चिखलीस आहे. सन २०२२ च्या दिवाळीनंतर जावेच्या मानेवर उजव्या बाजूस सुपारीएवढी गांठ आली. ती दुखत नसे, म्हणून कोणीं मनावर घेतलें नाहीं. संक्रांतीच्या सुमारास ती लिंबाएवढी झाली, पुढें फुटली, आणि तिचें तोंड कांहीं मिटेना. घरांत जितकीं माणसें तितकीं निदानें झालीं. सासूबाई उष्णता म्हणत, मामंजी दाढेचा दोष म्हणत, शेजारच्या काकूंनीं दृष्टहि काढली. जंतुनाशक गोळ्या तीन वेळां बदलून झाल्या. प्रत्येक वेळीं आठ दिवस बरें वाटे व पुन्हां पू येऊं लागे. एके ठिकाणीं गांठीचा तुकडा काढून तपासावयास पाठविला, पण तो सबंधच्या सबंध फॉर्मॅलिनमध्यें बुडविला गेला. ‘जुनाट दाह’ एवढेंच उत्तर आलें. दाह जुनाट आहे, हें आम्हांसहि दिसतच होतें!

या अवधींत मी एक गोष्ट करूं लागलें. जावेचा चहाचा पेला कोणास न सांगतां खालच्या फळीवर निराळा ठेवूं लागलें. कां, तें मीं स्वतःसहि विचारलें नाहीं.

अखेर २०२३ च्या आषाढांत आम्ही बुलढाण्यास एका डॉक्टरीणबाईंकडे गेलों. त्यांनीं सर्व जुने कागद पाहिले आणि म्हटलें, “औषधें पुष्कळ झालीं, आतां प्रथम हा जंतु कोण, तें पाहूं.” कापसाच्या बोळ्यानें वरवरचा पू न पुसतां त्यांनीं सुईनें खोलवरचा पू ओढून घेतला. वरच्या पुवांत कातडीवरचे भलतेच जंतु मिसळलेले असतात. फॉर्मॅलिनविषयीं विचारतां त्या म्हणाल्या, “त्यांत तुकडा टिकतो, पण जंतु मरतात. मेलेलें बीं पेरून उगवेल कसें?” जंतुनाशक औषधांपैकीं कांहीं अशीं असतात, कीं तीं क्षयाच्या जंतूला नुसता अर्धमेला करितात, रोग्याला थोडा आराम वाटतो आणि निदान मात्र लांबतें, हेंहि त्यांजकडूनच कळलें. ‘क्षय’ हा शब्द आमच्यापैकीं कोणासमोर प्रथमच उघडपणें उच्चारला गेला.

पुवाचे दोन भाग केले. एक सीबीनॅट नांवाच्या यंत्रांत घातला. तेथें जंतूला वाढवीत बसावें लागत नाहीं. त्याच्या आनुवंशिक द्रव्याचा एक ठराविक अंश शोधून त्याच्या असंख्य नकला काढितात, म्हणजे अदृश्य तें यंत्रास दिसूं लागतें. कॅरी म्युलिस यांनीं १९८३ मध्यें काढलेली ही युक्ति. तिजबद्दल त्यांना १९९३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सुमारें दोन तासांत क्षयाचा जंतु आहे कीं नाहीं, आणि असल्यास रिफॅम्पिसिन हें मुख्य औषध त्यावर चालेल कीं नाहीं, हीं दोन्ही उत्तरें मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० मध्यें या परीक्षेस मान्यता दिली. विजेची खात्री नसेल तेथेंहि बॅटरीवर चालणारें, अशाच तऱ्हेचें ट्रूनॅट यंत्र तर गोव्याच्या मोलबायो कंपनीचें आहे.

उत्तर आलें : ‘जंतु आढळला नाहीं.’

घरांत आनंदीआनंद झाला. सासूबाईंनीं देवापुढें साखर ठेविली. मीं मात्र पेला जागचा हालविला नाहीं. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तेव्हां त्या हसल्या नाहींत. म्हणाल्या, “पसाभर तांदळांत एकच खडा असला, तर चिमूटभर तांदूळ पाहून खडा नाहीं असें तुम्ही म्हणाल का? गांठीच्या पुवांत जंतु फार थोडे असतात. सांपडला नाहीं म्हणजे नाहींच, असें नव्हे. दुसरा भाग नागपूरच्या प्रयोगशाळेंत गेला आहे. तेथें तो वाढतो का, तें पाहूं.”

वाढविणें हें काम आपणां स्त्रियांस परकें नाहीं. रोज रात्रीं आपण दुधास विरजण लावितों, तीहि जंतूंची पेरणीच. परंतु दही एका रात्रींत लागतें. साधे पुष्कळ जंतु वीस-वीस मिनिटांनीं दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हावयास जवळजवळ सबंध दिवस लागतो. म्हणूनच रॉबर्ट कॉक यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें हा जंतु जगापुढें मांडला, त्यापूर्वीं त्यांना आपल्या नळ्यांपुढें आठवडेच्या आठवडे धीर धरून बसावें लागलें. त्यांनीं गोठविलेल्या रक्तरसावर तो वाढविला. आज जें हिरवें माध्यम वापरतात, त्यांत मुख्य पदार्थ कोंबडीचें अंडें. ज्या घरांत अंड्यानें कधीं उंबरा ओलांडला नाहीं, त्या घरच्या दुखण्याचें उत्तर अंड्यावर उगवावयाचें होतें! सासूबाईंना हें मीं अजून सांगितलेलें नाहीं. हा अंक त्यांच्या हातीं पडेल तेव्हां कळेलच.

त्या वर्षीं श्रावण अधिक होता. तो सबंध महिना वाट पाहण्यांत गेला. मला राहून राहून आमच्याच जिल्ह्यांतलें लोणार आठवे. जून २०२० मध्यें तेथील सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां असेच नाना तर्क निघाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासलें आणि खारट पाण्यांत वाढणारे सूक्ष्म जीव हें त्याचें कारण सांगितलें. पाण्याविषयीं जें आपण कौतुकानें वाचलें, तें घरच्या माणसाविषयीं करावयास आपणांस आठ महिने कां लागावे?

निज श्रावणांत, नागपंचमीच्या आगेमागें, सहाव्या आठवड्यांत फोन आला. माध्यमावर भाकरीच्या चुऱ्यासारखे पिंगट कण उगवले होते. तो क्षयाचाच जंतु होता. त्या वाढलेल्या जंतूंवर पुन्हां आनुवंशिक परीक्षा होऊन रिफॅम्पिसिन व आयसोनायझिड हीं दोन्ही औषधें लागू पडतील असें ठरलें. एक पद्धति घाईची, दुसरी धीराची. पहिलीची उणीव दुसरीनें भरून काढिली, आणि दुसरीनें उगवलेलें पहिलीच्याच विद्येनें वाचलें.

उपचार सरकारकडून विनामूल्य मिळाला : पहिले दोन महिने चार औषधें, पुढें चार महिने तीन. घरांतील सर्वांची तपासणी झाली. कोणास कांहीं निघालें नाहीं. डॉक्टरीणबाईंनीं निघतां निघतां सांगितलें, कीं फुप्फुसांचा क्षय खोकल्यावाटे हवेंतून पसरतो, नुसत्या गांठीचा तसा पसरत नाहीं. आणि पेल्याताटांतून तर कोणताच नाहीं. मीं मान खालीं घातली.

घरीं येऊन तो पेला मीं इतर पेल्यांत मिसळला. जाऊ मागें उभी होती. ती शांतपणें म्हणाली, “वहिनी, तुम्हीं तो निराळा ठेविलात, तेव्हांच मी समजलें, कीं माझ्या दुखण्याचें नांव तुम्हांला ठाऊक आहे. तुम्हीं तेव्हां बोलून दाखविलें असतें, तर मी एकटी भ्यालें नसतें.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. आजहि सुचत नाहीं. फाल्गुनांत जखमेचें तोंड पूर्ण भरलें. मानेवर एक बारीक व्रण राहिला आहे. भगिनींनो, आपल्या घरीं एखादी गांठ, एखादी जखम महिनोन् महिने भरत नसेल, तर चौथी गोळी मागण्यापूर्वीं पुवाची परीक्षा मागा. तुकडा काढीत असतील, तर त्यांतला थोडा फॉर्मॅलिनबाहेर ठेवावयास सांगा. आणि मनांत जें नांव येतें, तें पेला निराळा ठेवण्यापूर्वीं तोंडानें बोला.