कान देऊन ऐकणारी निवेदिका

रेणुका शहाणे म्हटलं की लोकांना त्यांचं हसू आठवतं. ते आहेच प्रसन्न, पण दूरदर्शनच्या ‘सुरभी’ या कार्यक्रमात त्याहून मोलाची होती ती त्यांची ऐकण्याची रीत. सहनिवेदक सिद्धार्थ काक बोलत असले की त्या पुढच्या वाक्याची तयारी करत बसायच्या नाहीत, खरोखर ऐकायच्या. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये त्या मानसशास्त्र शिकल्या होत्या. त्याचा इथे उपयोग झाला असावा, असं मनापासून वाटतं.

प्रेक्षकांच्या पत्रांचा भाग आला की प्रश्नमंजुषेच्या उत्तरांचा ढीग समोर असे. त्यातलं एक कार्ड उचलायचं, नाव आणि गाव नीट वाचायचं. एरवी दिल्ली-मुंबईच्या कुणाला ठाऊकही नसलेलं गाव त्या क्षणी देशभर ऐकू जायचं. एका आठवड्यात 14 लाखांहून जास्त पत्रं आली आणि त्याची नोंद लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये झाली. तेव्हा साधं पोस्टकार्ड 15 पैशांना मिळत होतं. टपाल खात्याने अखेर स्पर्धांसाठी 2 रुपयांचं वेगळं कार्ड काढलं, तरी लोक लिहीतच राहिले.

अभिनयात शाहरुख खानबरोबरची ‘सर्कस’ मालिका झाली होती आणि 1992मध्ये ‘हाच सुनबाईचा भाऊ’ हा मराठी चित्रपट. मग 1994मध्ये आला ‘हम आपके हैं कौन’. त्यातल्या पूजावहिनीने त्यांना घरोघरी नेलं आणि सोज्ज्वळपणाच्या चौकटीतही बसवलं. ही चौकट त्यांच्या वकुबाला फारच अपुरी होती.

ती मोडली त्यांनी स्वतःच, कॅमेऱ्यामागे जाऊन. आई शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ या कादंबरीवर त्यांनी 2009मध्ये ‘रीटा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. रीटा झाल्या पल्लवी जोशी. रेणुकाताईंनी स्वतःकडे मैत्रिणीची भूमिका ठेवली. लेखिका आईच्या पुस्तकाला मुलीने हात घालणं सोपं नसतं. आईच्या लेखनाचा मान राखायचा आणि चित्रपट मात्र आपला करायचा, अशी दुहेरी कसोटी असते.

2021मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘त्रिभंग’ या चित्रपटाची कथा त्यांची स्वतःची. तन्वी आझमींची नयन ही लेखिका आणि काजोलची अनू ही तिची दुरावलेली मुलगी. नयन कोमात जाते. तिचं चरित्र लिहिणाऱ्या तरुणाने तिच्या मुलाखती चित्रित करून ठेवलेल्या असतात. मुलीने कधी न ऐकलेलं आईचं म्हणणं तो निमूटपणे ऐकत गेलेला असतो, आणि अनूला आई कळू लागते ती त्याच्याकडून.