हिशेब हायब्रिडच्या बाजूने होता

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत मी कॉस्टिंग बघते. घरात नवी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा निर्णय माझ्या एक्सेल शीटवरच होणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि मीही. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई अशा पाच जणांना जुनी हॅचबॅक पुरत नव्हती. 2023 च्या पावसाळ्यात पुष्कळ घोळ घालून शेवटी दोन नावं उरली. एक टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड. दुसरी स्कोडाची कुशाक, एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनची. माझा कौल पहिल्या दिवसापासून हायब्रिडला होता आणि तो मी माहेरी, सासरी, कंपनीत डबा खाताना ठासून सांगितला होता. काही महिन्यांनी दारात उभी राहिली ती कुशाक. मधल्या काळात माझ्या डोक्यात काय उलथापालथ झाली, ते नीट सांगावंसं वाटतं.

हायब्रिडबद्दल मला वाटत होतं त्यातलं काहीही मी आज मागे घेत नाही. आमचं घर सिडकोत. रोज जालना रोडने निघायचं, आकाशवाणी-अमरप्रीत चौकांत थांबत क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, छावणी, नगर नाका, आणि मग वाळूजच्या अलीकडच्या पंढरपूर गावाच्या गर्दीतून वाळूज. अशा रस्त्यावर साधं इंजिन निम्मा वेळ जागेवर धडधडत पेट्रोल जाळतं. हायरायडरची टेस्ट ड्राइव्ह घेतली तेव्हा बटण दाबलं तरी काहीच आवाज आला नाही. सेल्समन म्हणाला, "मॅडम, सुरू आहे, निघा." गाडी नुसत्या मोटरवर सरकली. ब्रेक दाबला की बॅटरीत वीज परत येते, वेग वाढला की दीड लिटरचं इंजिन हळूच हाताशी येतं, आणि हे सगळं चार्जिंगला न लावता. अधिकृत ॲव्हरेज 27.97. तो आकडा मी बाजूला ठेवला आणि गावातल्या वापरासाठी हायब्रिडला 22, टर्बोला 12 असं हात राखून धरलं. वर्षाला 12,000 किलोमीटर, पेट्रोल 107 रुपयांच्या आसपास. वर्षाकाठी साडेचारशे लिटर, म्हणजे 48 हजारांचा फरक. हायब्रिडसाठी जास्त मोजावे लागणारे पैसे पाचेक वर्षांत वसूल. बॅटरीमुळे डिकी लहान होते, ही एकच अडचण होती आणि तिच्याशी मी जुळवून घ्यायला तयार होते.

नवऱ्याचा जीव स्कोडात होता. या शहरात त्याचं नवल नाही. 2001 मध्ये शहराबाहेर शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टेव्हिया जुळायला लागली, तेव्हा तो इंजिनीअरिंगला होता. दुचाकी आणि रिक्षांच्या, बजाजच्या गावात परदेशी कंपनीची मोटार बनते याचं त्या पिढीला फार अप्रूप होतं. 2010 मध्ये इथल्या लोकांनी एका झटक्यात दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या आणि देशभर चर्चा झाली, तेव्हाही त्याच्या तोंडी शेंद्र्याचंच नाव होतं. पण कुशाक शेंद्र्यात बनतच नाही, ती चाकणला बनते. हायरायडर येते कर्नाटकातल्या बिडदीहून. आपल्या गावची गाडी हा मुद्दा मी तिथेच निकालात काढला. (पुढे 31 जुलै 2024 ला टोयोटाचा राज्य सरकारशी इथल्या कारखान्यासाठी सुमारे 20 हजार कोटींचा करार झाला. त्या दिवशी ऑफिसात मला बरंच ऐकावं लागलं!)

पण गाडी नुसती गावात चालणार नव्हती. माझं माहेर नागपूरचं. पूर्वी जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा असं करत पोचेपर्यंत दिवस मावळायचा. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि सावंगीला चढलं की पाच-सहा तासांत आईच्या हातचा चहा मिळायला लागला. हा रस्ता माझ्यासाठी खरोखर सुखाचा आहे. पण 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि 25 माणसं गेली. 15 ऑक्टोबरला वैजापूरजवळ दर्शनाहून परतणाऱ्यांची टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळली, 12 जण गेले. रस्ता तोच, आणि सिंदखेडराजावरून तर आम्ही नेहमी जातो. वैजापूरच्या बातमीनंतर त्या दिवाळीत आम्ही नागपूरहून परतत होतो, जुन्याच हॅचबॅकमधून. गाडी मी चालवत होते. अंधार पडलेला, मागे सासूबाई मधे आणि दोन्ही मुलं त्यांच्या खांद्यावर झोपलेली. पुढच्या उजेडात एकाएकी एक ट्रक दिसला, कडेला उभा, मागचे दिवे बंद. आम्ही बाजूने निघून गेलो, काहीही झालं नाही. मी मात्र पुढचा कितीतरी वेळ आरशात मागच्या तिघांकडे बघत राहिले. सासूबाईंनी बेल्ट लावलेला नव्हता.

आमच्या कारखान्यात ब्रेकचे काही भाग बनतात. त्या भागांच्या ड्रॉइंगवर काही मापांजवळ एक खूण असते. ती खूण म्हणजे हे माप सुरक्षेचं. बाकीच्या मापांसाठी आम्ही नमुने तपासतो, मटेरियल बदलून दोन पैसे वाचतात का बघतो, गिऱ्हाइकाशी भांडतो. खुणेच्या मापाला मात्र प्रत्येक नग तपासला जातो आणि तिथे खर्चाचा प्रश्न घेऊन कॉस्टिंगवाल्यांनी जायचंच नसतं. इतकी वर्षं मी हा नियम पाळत आले. घरच्या गाडीच्या शीटवर मात्र मी प्रत्येक किलोमीटरला सारखीच किंमत दिली होती. जालना रोडवर वीस-तीसच्या वेगात सिग्नल मोजत जाणारा किलोमीटर आणि समृद्धीवर 120 च्या मर्यादेत पाच जणांना घेऊन धावणारा किलोमीटर, दोन्ही एकाच रकान्यात. पेट्रोल रोज जातं, पण पणाला जे लागतं ते या थोड्या तासांत. त्या तासांना खूण करायला हवी, असं मला त्या रात्रीनंतर वाटायला लागलं.

मग मी क्रॅश टेस्टचे अहवाल वाचायला बसले. ग्लोबल एनकॅपने ऑक्टोबर 2022 मध्ये कुशाकला पाच तारे दिले होते, मोठ्यांसाठीही आणि मुलांसाठीही. मोठ्यांच्या सुरक्षेत 34 पैकी 29.64 गुण, मुलांच्या 49 पैकी 42. गाडीचा सांगाडा स्थिर राहिल्याची नोंद होती आणि ते मला गुणांपेक्षा महत्त्वाचं वाटलं. सांगाडाच आत दबला तर एअरबॅग सहा असल्या काय नि आठ असल्या काय! हायरायडरचा असा निकाल तेव्हा माझ्या हातात नव्हता. म्हणून ती गाडी कच्ची असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. पण कारखान्यात रिपोर्ट नसलेला नग मी पुढे जाऊ देत नाही, मग घरी का जाऊ द्यावा?

या अहवालांची मर्यादाही सांगायला हवी. समोरची टक्कर घेतात ती ताशी 64 किलोमीटरने. वेग 120 झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट होत नाही, साडेतीन पट होते. तेव्हा पाच ताऱ्यांच्या भरवशावर कुणी गाडी दामटू नये. बेल्टचं तर विचारूच नका. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते मर्सिडीजमध्ये. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागच्या सीटवरचे दोघे, बेल्ट न लावलेले, गेले. हे मी सासूबाईंना शेजारी बसवून सांगितलं. बेल्टने पोटाला आवळतं ही त्यांची तक्रार खरी होती, कारण जुन्या गाडीत मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा होता. खांद्यावरून येणारा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा त्यांना चालला.

कुशाकमध्ये सोडावं लागलं तेही कमी नाही. रुंदी 1,760 मिलिमीटर, हायरायडरची 1,795. साडेतीन सेंटीमीटर म्हणजे काही नाही असं शोरूममध्ये वाटतं. तिघं मागे बसून मेहकरपर्यंत गेले की कळतं. मधे पायाखाली उंचवटा आहे, तिथे म्हणून धाकटी बसते आणि सासूबाई खिडकीशी. डिकी मात्र 385 लिटरची, नागपूरहून येणारी संत्री आणि आईचे डबे व्यवस्थित मावतात. समृद्धीवर ही गाडी इतकी घट्ट बसून चालते की मुलांना वेग कळतच नाही. म्हणूनच मी स्वतःला शंभरच्या आत बांधून घेतलंय, आणि निघण्याआधी पाचही टायरची हवा तपासून घेते, स्टेपनीसकट. सिमेंटच्या रस्त्यावर, उन्हाळ्यात, टायर तापून फुटतात.

पेट्रोलचा खर्च मी धरला होता तसाच येतो. महिन्याला चार हजार जास्त. तो आकडा मी घरखर्चात वेगळा लिहिते आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या गाड्यांवरचा सेस जाऊन जीएसटी 40 टक्के झाला, किमती उतरल्या, आणि ऑफिसात परत गाड्यांची चर्चा सुरू झाली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनेही हेच दोन पर्याय काढलेत. ती राहते गारखेड्याला, माहेर पैठणला, समृद्धीवर तिचं काहीच काम पडत नाही. रोजचं गारखेडा ते वाळूज आणि रविवारी भाजी मंडई, एवढंच. तिला मी सांगितलं, आताचे सगळे क्रॅश टेस्टचे निकाल एकदा बघून घे, आणि त्यात खटकण्यासारखं काही नसेल तर डोळे झाकून हायब्रिड घे. माझी जुनी शीटही तिला पाठवली. पेट्रोलचा भाव तेवढा बदलायचा आहे.