गुऱ्हाळाचे गुऱ्हाळ

आमच्या घरात कोणतीही गोष्ट ठरत नाही. ती चर्चेला येते. एकदा चर्चेला आली की पुढे तिचे काय झाले हे विचारण्याचा उद्धटपणा कुणी करत नाही. बाहेरच्या खोलीला कोणता रंग द्यावा यावर आम्ही इतकी वर्षे बोलतो आहोत, की मुळात कोणता रंग होता हे आता भिंतीलाही आठवत नसेल. अशा न संपणाऱ्या बोलण्याला मराठीत 'गुऱ्हाळ' म्हणतात. हे नाव ज्याने दिले त्याने गुऱ्हाळ पाहिलेले असावे आणि आमच्यासारखे एखादे कुटुंबही. पण खरेखुरे गुऱ्हाळ पाहायला जाण्याचेच गुऱ्हाळ घालण्याचा मान बहुधा आमच्याकडेच जाईल.

त्याचे असे झाले. माझी धाकटी बहीण कॅनडात, मॉन्ट्रियलजवळ असते. तीन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका संध्याकाळी तिचे फोटो आले. गुडघाभर बर्फ, त्यात उभी असलेली निष्पर्ण झाडे आणि झाडांना टांगलेल्या बादल्या. खाली तिने लिहिले होते, ''दादा, आम्ही सगळे मेपल सिरप करताना बघायला आलोय.'' फोनवर तिने बाकीचे सांगितले. रात्री पाणी गोठावे आणि दिवसा जरा ऊब यावी अशी हवा पडली, की मेपलच्या खोडाला पाडलेल्या भोकातून पाण्यासारखा रस ठिबकतो. तो आटवत बसायचे. साधारण चाळीस लिटर रस आटला की एक लिटर पाक पदरात पडतो. लोक मुलाबाळांना घेऊन मुद्दाम बघायला जातात, गरम पाक स्वच्छ बर्फावर ओततात आणि काडीला गुंडाळून चाटतात.

आईने चष्मा लावून फोटो पाहिला. ''हे तर आपल्या माडाला मडकं बांधतात तसंच की!'' ती म्हणाली.

मुरूडच्या माणसाला हे पटायलाच हवे. आमच्याकडे भंडारी माडावर चढतो, पोय छेदून मडके बांधतो आणि उजाडायच्या आत उतरवतो ती नीरा. ऊन चढू लागले की त्या नीरेचे जे होते, ते बघायला मुलाबाळांना घेऊन जायची पद्धत नाही.

''पण आटवण्याचं म्हणशील तर ते आमच्याकडं,'' आई पुढे म्हणाली. आमची आई मुरूडात बावन्न वर्षे आहे, पण तिचे 'आमच्याकडे' अजून कोल्हापूरलाच असते. पंचगंगेच्या काठी तिचे माहेर, आणि माहेरचे स्वतःचे गुऱ्हाळ. ''आत्याला लिही म्हणावं, आमच्याकडं बर्फ नव्हता. उसाचं पेर गरम गुळात बुडवून चाटायचो.''

''आजी, मग आपण जाऊ या की बघायला!'' चिरंजीव म्हणाले. आणि विषय चर्चेला आला.

पहिला प्रश्न निघाला तो मार्गाचा. मुरूडहून कोल्हापूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मध्ये सह्याद्री उभा. तो कुठल्या घाटाने चढावा यावर आमच्या घरात तीन पक्ष पडले. माझा पक्ष कुंभार्लीचा: चिपळूणवरून कराड आणि खाली कोल्हापूर. सौभाग्यवतींचा ताम्हिणीचा. तो घाट पुण्याला जातो आणि पुण्यात तिची बहीण राहते, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाही असे ती आजही सांगते. शेजारचे अण्णा सहलीला येणार नव्हते. तरी त्यांनी पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर चढण्याचा आग्रह धरला आणि तो न मानल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी झटकली. कन्येने मोबाइलवर पाहून तिन्ही मार्गांना सारखाच वेळ लागतो असे जाहीर केले. पण वस्तुस्थिती सांगून चर्चा थांबते असे मानायला ती अजून लहान आहे.

दुसरा प्रश्न खर्चाचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकून. त्यामुळे वही मीच उघडली. गाडीभाडे, डिझेल, मुक्काम, चहापाणी आणि 'किरकोळ'. आमच्या घरात 'किरकोळ'चा आकडा नेहमी बाकीच्या रकमांपेक्षा मोठा निघतो. एवढे करून आणायची काकवी. ''त्या पैशांत इथे मुरूडच्या बाजारात आयुष्यभर पुरेल एवढी काकवी मिळेल,'' मी म्हणालो. आई काही बोलली नाही. सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे पाहिले की मी ती ओळच खोडली.

तिसरा प्रश्न तारखेचा, आणि इथे आमची गाडी खरी रुतली. गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. ऊस पिकायचे आणि बँकेचे वर्ष संपायचे दिवस विधात्याने एकाच वेळी ठेवले आहेत. जानेवारीनंतर आमच्याकडे रजेचा अर्ज करणे म्हणजे लग्नघरातून पंगतीच्या वेळी वाढप्याने जेवायला बसण्यासारखे. ३१ मार्चला आम्ही ताळेबंद जुळवून मोकळे होतो, तोवर तिकडे चुलवाणे थंड झालेली असतात.

मग नोव्हेंबर-डिसेंबर? तुम्ही मुरूडला राहत नाही म्हणून असे विचारता. पर्यटनस्थळी राहणाऱ्या माणसाला सहल नसते, त्याला पाहुणे असतात. थंडी पडली की सौभाग्यवतींचे माहेर, माझे जुने सहकारी आणि त्या सहकाऱ्यांचे साडू, सगळ्यांना समुद्र आठवतो. मी त्यांना राजपुरीच्या धक्क्यावर नेतो, शिडाच्या होडीत बसवतो आणि सिद्दीचा जंजिरा कुणालाच कसा जिंकता आला नाही हे सांगतो. जंजिरा अजिंक्य राहिला. आमचे घर मात्र दर डिसेंबरात पडते.

आणि मे महिना? त्याचे उत्तर आईनेच दिले. ''बावन्न वर्षं मी माहेरी मे महिन्यातच गेले. आधी यांची रजा, मग तुमच्या शाळा, मग लग्नकार्यं. मे महिन्यात गुऱ्हाळ म्हणजे नुसती काळी चूल. तिच्यात मांजरं व्यायलेली असतात.''

हे तिने सहज सांगितले. हिशेबाची सवय असल्यामुळे मला मात्र तो आकडा टोचला. लग्न होऊन आली त्यानंतर आईने पेटलेले गुऱ्हाळ पाहिलेलेच नव्हते. आमच्या सगळ्यांच्या सुट्या जमल्या, तिच्या माहेरचा हंगाम तेवढा कधी जमला नाही.

असे तीन हंगाम गेले. पण चर्चा वाया गेली असे म्हणता येणार नाही. कारण रोज रात्री जेवणे झाली की चिरंजीव विचारायचे, ''आजी, मग पुढे काय करायचे?'' आणि ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून आजी काहील पेटवायची.

ती लहान असताना चरक बैलांनी फिरायचा, पुढे इंजिन आले. चरकातून निघालेला रस काहिलीत. काहील केवढी, तर आपली ही ओटी त्यात मावेल. (इथे मी थोडी वजावट करून घेत असे.) खाली चुलवाण, आणि त्यात सारायला उसाचीच वाळलेली चिपाडे. ''म्हणजे उसाचा रस उसावरच उकळायचा, जळण विकत आणायचं नाही,'' हे सांगताना तिचा आवाज बँकेच्या तपासनीसासारखा समाधानी होई. रस तापला की त्यात ठेचलेल्या रानभेंडीचे चिकट पाणी घालायचे. त्याला धरून सगळा मळ वर येतो, ती मळी झाऱ्याने काढत राहायचे. मळीत कुचराई केली की गूळ काळा पडतो. मग फेस चढतो, रंग पालटतो, वास शिवारभर जातो. या बेताला काढून घेतली ती काकवी. आणखी आटू दिले की गूळ.

''पण झालं हे कळायचं कसं?''

''ते गुळव्याला कळतं. थेंबभर गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळते का बघतो. गोळी वळली की ओरडतो. मग सगळे धावतात, काहील उतरवून वाफ्यात ओततात. जरा उशीर झाला की करपला, आधी उतरवला की बसत नाही. आमच्या गुळव्याला लिहिता येत नव्हतं. पण आबा त्याच्या आधी जेवायचे नाहीत.''

मी वहीत आपले हिशेब मांडत असे. शंभर किलो उसाचा दहा-अकरा किलो गूळ होतो. म्हणजे मेपलवाल्यांपेक्षा आमचा ऊस पुष्कळच उदार. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापाराला. त्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढी माहिती जमवली, पण मामाला फोन मात्र केला नाही. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा आई म्हणाली, ''आधी तुमची तारीख ठरू दे. उगीच त्याला कशाला घोर?'' मलाही ते रास्त वाटले. आमच्या तारखेवर विसंबून कुणी ऊस तोडून ठेवावा, हे बरे नव्हे.

गेल्या महिन्यात आई आठ दिवस तापाने पडली. फारसे काही नव्हते, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला. पण त्या आठ दिवसांत ओटीवर काहील पेटली नाही. चिरंजीव झोपाळ्यावर एकटे बसून पायाने जमीन ढकलत होते. नवव्या दिवशी मी कुणालाही न विचारता मामाला फोन लावला.

''मामा, आम्ही यायचं म्हणतोय. गुऱ्हाळ कधीपर्यंत चालू आहे?''

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग मामा हसला. ''कुठलं गुऱ्हाळ रे? आपलं बंद होऊन चौदा वर्सं झाली. माणसं मिळंनात, ऊस समदा कारखान्याला जातोय. काहील मोडीत घातली. आक्काला म्हाईत हाय की, मीच सांगितलंय तिला.''

मी फोन ठेवून आत गेलो. आई उशीला टेकून बसली होती आणि चिरंजीवांना सांगत होती की काहिलीच्या कोणत्या बाजूला उभे राहिले म्हणजे धूर डोळ्यांत जात नाही.

''आई, मामाचं गुऱ्हाळ बंद आहे, हे तुला ठाऊक होतं?''

''होतं की.''

''मग तीन वर्षं बोलली का नाहीस?''

तिने पांघरूण नीट केले. ''तुमचं ठरत होतं ना. ठरत होतं तोवर रोज कुणीतरी विचारत होतं, आजी पुढं काय. बंद झालंय म्हटलं असतं, तर पुढं कुणी विचारलं असतं?''

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. चिरंजीवांजवळ होते. ''मी विचारलं असतं,'' ते म्हणाले. पण ते अजून घरातल्या चर्चांना सरावलेले नाहीत.

मी मामाला पुन्हा फोन केला. त्यांच्या शेजारच्या मळ्यात एक गुऱ्हाळ अजून पेटते, असे कळले. आईला सांगितले, तेव्हा म्हणाली, ''कुणाचं का असेना. वास तोच असणार.''

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज लिहिला. फेब्रुवारीत! शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तो वाचून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. २०१५ सालापासून आम्हाला महिन्यातला दुसरा शनिवार सुटीचा मिळतो. त्याला अलीकडे शुक्रवार आणि पलीकडे सोमवार जोडून मागितला. कारण म्हणून 'घरगुती अडचण' लिहायची वहिवाट आहे, पण माझ्या हातून 'आईला गुऱ्हाळ दाखवणे' असे लिहून गेले. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. ''गुऱ्हाळ बघायला कोल्हापूरला कशाला? आपली सोमवारची मीटिंग असतेच की,'' ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, ''काकवी मिळते का हो तिथे? माझ्या आईला फार आवडायची.'' आणि सही केली.

तेव्हा आता शुक्रवारी निघायचे. आईने घरातला जुना कडीचा डबा घासून, उन्हात वाळवून, ओटीच्या कठड्यावर पालथा घालून ठेवला आहे. त्याला चार दिवस झाले. साहेबांसाठी त्याच्या शेजारी एक बरणीही पालथी पडली आहे. गाडी आगरदांड्याला फेरीबोटीत चढवायची, दिघीला उतरायचे आणि म्हसळ्यावरून माणगाव गाठायचे. पुढे ताम्हिणी, आंबेनळी की कुंभार्ली ते अजून चर्चेत आहे. अण्णा काल रात्री पुन्हा नकाशा घेऊन आले होते.

परंतु माणगावपर्यंत सगळ्यांचे एकमत आहे. आमच्या घराण्यात इतक्या लांबपर्यंत एकमत आजवर कधी पोचलेले नाही.