पंपाची बंदूक आणि तिच्यावरची दुर्बीण

हवेच्या बंदुकांमध्ये स्प्रिंगची बंदूक नेमबाजाचे श्रम एकाच झटक्यात उरकून घेते आणि आधीच दाबाने भरलेल्या सिलिंडरची बंदूक ते जवळजवळ मागतच नाही. अनेक पंपांची बंदूक मात्र प्रत्येक छऱ्यासाठी दंडाला नव्याने कामाला लावते. तिच्या नळीखालची लाकडी पकड ही बिजागरीवर फिरणारी तरफच असते. ती पूर्ण उघडून परत मिटली, की आतला दट्ट्या बाहेरची हवा एका लहान कोठडीत रेटतो, एकमार्गी झडप ती हवा मागे फिरू देत नाही, आणि चाप ओढल्यावर घोडा, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने पुढे येणारा धातूचा ठोकळा, दुसऱ्या झडपेवर आदळून साठलेली हवा छऱ्यामागे एकदम मोकळी करतो. अमेरिकेतील बेंजामिन 392 या 5.5 मिलिमीटर व्यासाच्या बंदुकीसाठी किमान तीन आणि कमाल आठ पंपांची मर्यादा सांगितलेली आहे. पहिले दोन-तीन पंप पोरखेळ वाटतात, सातव्या-आठव्याला तरफ मिटवताना तळहात लाल होतो. मर्यादेपुढे आणखी पंप मारल्याने छर्रा अधिक वेगाने जाईलच असे नाही, कारण दाब एका हद्दीपलीकडे गेला की घोड्याला झडप पुरती उघडता येत नाही, काही हवा आतच अडकते, आणि बार झाल्यावरही बंदूक रिकामी झालेली नसते.

पिट्सबर्गच्या दक्षिणेस, मोनोंगहेला नदीकाठच्या एका जुन्या पोलादगावी राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाकडे याच घाटाची एक जुनी बंदूक शेजारच्या घरातून आली, आणि या वसंतात तिने हवा धरणे सोडले. तरफ मिटताच झडपेपाशी बारीक फुस्स होई आणि पुढचा पंप पहिल्याइतकाच हलका लागे. दट्ट्याच्या टोकावरचे वॉशर सुकले, की बहुधा असेच होते; म्हणून त्याच्यावर बंदुकीचे तेल सोडावे लागते, आणि उघड्या तरफेच्या खाचेतून ते सोडत असता जो वास आला, त्याने लेखकाला बेसमेंटमधून उचलून थेट सातारा जिल्ह्यातील पुसेगावच्या यात्रेत, फुगे फोडण्याच्या टपरीसमोर नेऊन उभे केले. तिथल्या बंदुका स्प्रिंगच्या होत्या आणि टपरीवाला त्यांत सढळ हाताने तेल ओतत असे; दट्ट्याच्या दाबाने ते तेल आत जळे आणि प्रत्येक बारामागे नळीच्या तोंडाशी निळसर धूर रेंगाळे. फुगे किती फुटले, हे लेखकाला आठवत नाही. आठवतो तो टपरीवाल्याचा हात: नळी मोडून, छर्रा सारून, बंदूक मिटवून तो ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे देताना अशी फिरवी, की नळीचे तोंड रांगेतल्या प्रत्येकाच्या पोटावरून, कडेवरच्या पोरांच्या डोक्यांवरून सरकत जाई, आणि कोणीही अंग चोरत नसे.

शेजारचे आजोबा, ज्यांची ही बंदूक, पोलादाच्या गिरणीत आयुष्य काढून निवृत्त झालेले आणि शब्दांना अतिशय महाग होते. त्यांच्या पद्धतीत नळीचे तोंड आधी ठरे आणि मगच हात हलत. बेसमेंटच्या दगडी भिंतीलगत एक लाकडी पेटी होती, तिच्यात वायरिंगच्या पाइपांची तोंडे बुजवण्यासाठी वापरतात तो राखाडी लगदा थापलेला होता. शिशाचा छर्रा त्यात रुतून राहतो, उलट पोलादी गोळी कठीण पृष्ठावर आपटली तर मारणाऱ्याच्याच तोंडावर परतू शकते, म्हणून ती त्यांच्या घरात वर्ज्य होती. सेफ्टीची आडवी कळ बंद, बोट चापाच्या कडीबाहेर, डोळ्यांवर चष्मा, तोंड पेटीकडे, आणि मग पंप: तरफ प्रत्येक वेळी अखेरपर्यंत उघडायची, कारण अर्धवट फेऱ्यात हवा पुरेशी भरत नाही आणि मोजणी खोटी ठरते, मिटवताना बोटे तरफेच्या बाहेरच्या अंगाला ठेवायची, कारण आठव्या पंपाच्या जोराने मिटणारी तरफ मधे आलेले बोट सोडत नाही. काही बनावटींत घोडा आधी मागे ओढून ठेवल्याशिवाय झडप हवा धरत नाही, तेव्हा तेवढे आधी करावे लागते. छर्रा मात्र सर्वांत शेवटी. या क्रमामागचा विचार साधा आहे: बंदुकीशी झटापट जेव्हा सर्वाधिक असते, तेव्हा तिच्या नळीत काही नसावे. नळीत गेलेला छर्रा सहज परत काढता येत नाही, म्हणून नेम रद्द झाला तरी तो पेटीतच झाडून मोकळे व्हायचे, आणि उरलेल्या हवेचा संशय असला तर छर्ऱ्याविना पुन्हा एकदा पेटीकडेच चाप ओढायचा.

ही पद्धत दुर्बीण नसलेल्या बंदुकीची झाली. लेखकाची खरी तक्रार पुढे आहे आणि ती काहीशी वैयक्तिक आहे, हे मान्य करायला हवे.

दुर्बीण नसताना पंप मारणाऱ्याचा एक हात बंदुकीच्या मध्यावर, चापाच्या वरच्या अंगाला, यंत्राची पाठ मुठीत आवळून धरतो. वजनाचा तोल तिथेच असल्यामुळे नळी हलत नाही. दुर्बीण बसते ती नेमकी याच जागेवर. मग हात मागे दस्त्याच्या मानेवर जातो, तोल पुढे पडतो, आणि तरफेच्या प्रत्येक ओढीबरोबर नळीचे तोंड उजव्या हाताच्या माणसाच्या डावीकडे, म्हणजे बहुधा जिथे बघ्या उभा असतो तिकडे, सरकू लागते. यावर दस्त्याचा मागचा भाग मांडीला किंवा काखेत टेकवून धरणे हा उपाय आहे, पण तो शिकवावा लागतो; न शिकवता माणूस जे करतो ते म्हणजे दुर्बिणीलाच मूठ समजून पकडणे. त्याने तिला धरून ठेवणाऱ्या कड्या सरकतात, जुळवलेला नेम बिघडतो, आणि पितळी नळीच्या ज्या बंदुकांत नळी आणि पंपाची नळकांडी डाख लावून जोडलेली असतात, त्यांच्यावर चिमट्याने बसवलेल्या दुर्बिणीला पीळ पडला तर तो डाखच सुटू शकतो.

नेमाचे म्हणाल, तर पाच पंपांवर जुळवलेली दुर्बीण आठ पंपांवर खरे सांगत नाही, कारण वेग बदलला की छर्ऱ्याची घसरणही बदलते. म्हणजे जी बंदूक पंपांची संख्या नेमबाजाच्या मर्जीवर सोडते, तिच्यावर एकाच वेगाची अपेक्षा ठेवणारे यंत्र बसवलेले असते. त्याहून गंभीर बाब अशी, की दुर्बिणीचा अक्ष नळीच्या काही सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे डोळ्याला लक्ष्य स्वच्छ दिसत असते आणि नळीसमोर खिडकीची चौकट किंवा टेबलाची कड आलेली असते. एक डोळा काचेला लागला की बाजूने येणारे मूलही दिसत नाही. आणि झाडावरचा पक्षी, शेजारच्या अंगणातील माणूस नुसता ‘पाहण्यासाठी’ दुर्बीण वर करणारा प्रत्येक जण त्याच क्षणी त्याच्यावर बंदूक रोखत असतो. अशा बंदुकीचा छर्रा कातडी भेदतो आणि डोळा कायमचा घालवू शकतो.

पिट्सबर्गजवळ राहून या विषयावर लिहिणाऱ्याला मेरिवेदर लुइस टाळता येत नाही. थॉमस जेफरसन यांनी पश्चिमेच्या शोधमोहिमेवर पाठवलेला हा कप्तान 1803 च्या ऑगस्टअखेर आपली नाव घेऊन या शहरातून ओहायो नदीत उतरला, थोड्याच अंतरावरच्या ब्रुनो बेटावर थांबला, आणि त्याच्या रोजनिशीची अगदी पहिली नोंद हवेच्या बंदुकीच्या अपघाताची आहे. त्याने स्वतः पन्नासेक मीटरांवर सात बार काढून दाखवले. नंतर ब्लेझ सेनास नावाच्या, त्या बंदुकीची माहिती नसलेल्या गृहस्थाच्या हातून ती अनवधानाने सुटली, आणि सुमारे चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या टोपीतून गोळी जाऊन तिचे कानशील कापले गेले. ती कोसळली, सर्वांना ती मेली असे वाटले, पण थोड्याच वेळात ती शुद्धीवर आली आणि जखम जिवावरची नसल्याचे दिसले. ती बंदूक बार्थोलोमेउस जिरार्दोनी याच्या बनावटीची असावी, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1780 च्या सुमारास स्वीकारलेल्या या बनावटीत दस्ता हीच हवेची टाकी असे आणि ती भरायला सुमारे दीड हजार पंप मारावे लागत. एवढ्या पंपांची मेहनत एकाने केलेली आणि चाप दुसऱ्याच्या हाती, ही मांडणीच लेखकाला संशयास्पद वाटते. रोजनिशीत सेनासचे नाव आहे; बाईचे नाही.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी, ती मोहीम ज्या परिसरातून पश्चिमेला निघाली त्याच सेंट लुइसमध्ये बेंजामिनच्या बंदुका बनू लागल्या. त्या काळच्या बंदुकांत पंपाचा दांडा नळीखालून पुढे निघालेला असे आणि तो जमिनीवर टेकवून सारी बंदूक खाली दाबावी लागे. पद्धत गैरसोयीची खरी, पण पंप मारताना नळीचे तोंड आपोआप जमिनीकडे राही. तरफेच्या सोयीने ते वर उचलले, हे क्वचितच कोणी बोलून दाखवते.

पुसेगावचा तो हात इथे पुन्हा आडवा येतो. लेखकाची भाची कोल्हापुरात 10 मीटर एअर रायफलचा सराव करते. तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तिची रायफल सिलिंडरवर चालते, त्या प्रकारात दुर्बिणीला मुळी परवानगीच नाही, आणि बार संपला की नळीच्या आरपार एक भडक रंगाची दोरी ओवून ठेवावी लागते, जेणेकरून नळी रिकामी असल्याचे दुरूनही दिसावे. सुट्टीत तिला टपरीवाल्याची गोष्ट सांगितली तेव्हा तिने विचारले, की मग त्याच्या रांगेत उभे तरी कसे राहत होता. उत्तर देण्याजोगे काही नव्हते. उभे राहत होतो एवढेच खरे, आणि जळक्या तेलाचा तो वास अजूनही हवाहवासा वाटतो, हेही खरे.

शेजारच्या आजोबांनी दुर्बीण हौसेने बसवली नव्हती. डोळे अधू होत गेले, पुढची माशी आणि मागची खाच एकाच वेळी स्पष्ट दिसेनाशी झाली, तेव्हा मुलीने ती आणून दिली. त्यानंतर ते पंप मारताना आपला हात जुन्या सवयीने यंत्राच्या पाठीकडे नेत, दुर्बिणीच्या नळीला बोटे लागली की थबकत, आणि हात मागे घेत. लेखकाचा राग त्या दुर्बिणीवर आहे की त्या थबकण्यावर, हे वेगळे करणे अवघड आहे.

नवे वॉशर बसले आहे, बंदूक पुन्हा हवा धरते, आणि ओहायोत राहणाऱ्या त्या मुलीने ती आपल्या मुलासाठी मागितली आहे. मुलाचा पहिला प्रश्न दुर्बीण सोबत येणार का, हाच होता. ती वेगळ्या खोक्यात जाईल, कड्या आवळण्याच्या चावीसकट. पण एक हंगाम आधी उघड्या माशीवर काढावा, छर्रा शेवटी भरावा, आणि दुर्बीण बसल्यावर नेम पाच पंपांवर जुळवून तो आकडा दस्त्यावर चिकटपट्टीने लावावा, असे सोबतच्या पत्रात त्याच्या आईच्या नावे लिहिले आहे.