दाब, धर, सोड

क्लच दाबल्यावर पाय कुठेही न अडता थेट खाली गेला, तर ऑईलच्या लाईनमध्ये हवा शिरली आहे किंवा ऑईल गळते आहे, असे समजावे. हे सांगणारी मी काही मेस्त्री नाही. पिंपळवंडीत पुणे-नाशिक रस्त्यालगत आमचे गॅरेज आहे. पुढे गॅरेज, मागे घर. बरीच वर्षे मी स्वयंपाकघरातूनच पान्यांचा आवाज ऐकत होते. दोन वर्षांपूर्वी हाताखालचा मुलगा चाकणला कारखान्यात लागला. तेव्हापासून ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दाबण्याचे काम माझ्याकडे आले.

काही मोटारींत क्लचला तार असते. पिकअप, जीप आणि बऱ्याच मोटारींत मात्र ऑईल असते. पेडलजवळ वरचा सिलिंडर, गिअरबॉक्सजवळ खालचा सिलिंडर आणि दोघांच्या मधून लाईन. पाय दाबला की वरचे ऑईल खालच्या सिलिंडरला रेटते आणि क्लच सुटतो. ऑईल दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर पुढे पोहोचतो. हवा मात्र दबते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा, लगेच कळेल. लाईनमध्ये हवा असली की पायाचा जोर तिला दाबण्यातच जातो. क्लच अर्धाच सुटतो आणि गिअर टाकताना खरखर होते.

माझी मुलगी नववीत आहे. तिने मला पास्कलचा नियम समजावला. शिवाय अल-जझरी यांनी १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात दोन सिलिंडरचा पाण्याचा पंप आहे, हेही तिनेच सांगितले. "अम्मी, सिलिंडर आपल्याला नवा नाही," ती म्हणाली. मला बरे वाटले.

लाईन बदलली की नव्या नळीत हवाच असते. ती काढायला दोन माणसे लागतात. आमचे हे गाडीखाली असतात, मी वर. मला निपल दिसत नाही, त्यांना पेडल दिसत नाही. मध्ये फक्त आवाज. ते म्हणतात, "दाब." मी दाबून म्हणते, "दाबला." ते म्हणतात, "धर." मग निपल थोडे सैल करतात. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून ऑईल आणि बुडबुडे बाटलीत येतात. निपल पुन्हा आवळले की ते म्हणतात, "सोड." त्याआधी पाय उचलला तर बाहेर निघालेली हवा परत आत ओढली जाते. सुरुवातीला पेडल आपोआप वर येत नाही, ते हाताने ओढून घ्यावे लागते. वरच्या डबीतले ऑईलही सतत बघावे लागते. डबी रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून.

एका नातेवाइकांनी यांना विचारले होते, "बायकोला कशाला बसवता? एखादा पोरगा ठेवा की." हे म्हणाले, "पोरगा मिळेल. पण मी 'सोड' म्हणेपर्यंत थांबणारा मिळायला हवा."

गेल्या पावसाळ्यात असरच्या सुमारास एक कुटुंब आले. आळेफाट्याहून माळशेज घाटाने कल्याणला जायचे होते. सकाळी आईला दवाखान्यात दाखवायचे होते. लाईन फुटली होती, ती बदलली आणि आम्ही हवा काढायला बसलो. दहा-बारा वेळा झाल्यावर पेडल जरा कडक लागले. गाडीवाल्या भाईंनी गिअर टाकून पाहिला, पडला. ते म्हणाले, "मेस्त्री, झालं की! सोडा आता, घाटात अंधार होईल."

यांनी नळी उचलून दाखवली. तिच्यात अजून मोहरीएवढे बुडबुडे येत होते. भाई चिडले. "पैसे वाढवायला वेळ काढताय," असेही बोलून गेले. त्याच वेळी नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो घेऊन निघालेली एक पिकअप दारात उभी होती. तो ड्रायव्हर थोडा थांबला आणि दुसऱ्या गॅरेजला निघून गेला. मुलीच्या क्लासची फी त्याच आठवड्यात भरायची होती. मी सीटवरून ते पाहिले. पण खालून आवाज आला, "दाब." मी दाबला.

मुलीने भाईंच्या आईला घरात नेले, चहा दिला, जानमाज अंथरून दिली. यांनी पान्याच्या मुठीने लाईनवर हलकेच टिचक्या मारल्या. पुढच्या खेपेला एक मोठा बुडबुडा सुटला, त्यानंतर चार वेळा स्वच्छ ऑईल आले. पेडल वरच लागले. भाईंनी स्वतः पाय ठेवून पाहिला आणि काही बोलले नाहीत. पैसे ठरले तेवढेच घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "भाभी, मेस्त्रींना सलाम सांगा. घाटात धुके होते. सुखरूप पोहोचलो."

आपल्याकडे अमानत म्हटले की सोने किंवा पैसा आठवतो. गॅरेजमध्ये सोडलेली गाडीही अमानतच असते. गिऱ्हाइकाला लाईनच्या आतले दिसत नाही, तो आमच्या शब्दावर आपली माणसे गाडीत बसवतो. आमच्या भागात उसाला लागून रस्ते आहेत, बिबट्याची भीती आहे. रात्री बायका-मुलांसह बंद पडलेली गाडी म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. रोजी हलाल आहे की नाही, हे अशाच न दिसणाऱ्या ठिकाणी ठरते, असे मला वाटते.

घरात गाडी असलेल्या बहिणींनी एवढे ध्यानात ठेवावे. क्लचच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच ऑईल टाकावे. इंजिन ऑईल चुकूनही नको, रबर फुगते. बाटलीत उतरलेले ऑईल पुन्हा वापरू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, रंग सोलतो. काम झाल्यावर इंजिन चालू करून रिव्हर्स गिअर टाकून पाहावा, खरखर नको. आणि सकाळी एकदा पुन्हा पेडल दाबून पाहावे. रात्रीतून ते खाली गेले असेल, तर कुठेतरी गळते आहे. मेस्त्रीला तसे बिनधास्त सांगावे. चांगला मेस्त्री रागावत नाही, पाना घेऊन परत गाडीखाली जातो.